बैलाचे दात आणि गाडीचे पाटे

वर्ध्याहून आर्वीकडे निघाले की वाटेत आमची आंजी (मोठी) लागते. या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले तर खेड्याचा सारा संसार पुढून जाताना दिसतो, आणि तो बहुधा पिकअप गाडीतून जातो. कापसाची गाठोडी, सोयाबीनची पोती, आर्वी-कारंज्याकडची संत्री, भाजीचे क्रेट, सिमेंट, बकऱ्या, मंडपाचे बांबू, आणि कायद्याला मान्य नसले तरी लग्नाचे वऱ्हाडसुद्धा. इंग्रजी अमलात कापूस वाहण्यासाठी टाकलेली पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडी बंद पडून बरीच वर्षे झाली. तिचे काम आधी मोठ्या ट्रकांनी आणि मग या लहान गाड्यांनी उचलले.

यातल्या पुष्कळ गाड्या घरात येतात त्या नव्या कोऱ्या नव्हेत. एमएच ३२ ही आमच्या वर्ध्याची पाटी. पण नागपूरच्या ३१, ४० आणि ४९, अमरावतीची २७, यवतमाळची २९, चंद्रपूरची ३४ अशा पाट्याही या रस्त्यावर दिसतात. कुठल्या तरी दुसऱ्या गावची धूळ खाऊन, दुसऱ्या कुणाच्या कर्जाचे हप्ते फेडून त्या आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या संसाराला येतात. यात कमीपणा काहीच नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराने कोऱ्या गाडीचा हट्ट धरू नये, यातच शहाणपण आहे.

मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. ज्या गावाचे आजोबा बैल घेताना दोन-दोन बाजार पालथे घालत, त्याच गावाचे नातू बैलजोडीच्या कितीतरी पट किमतीची गाडी अर्ध्या तासात घेऊन येतात. रंग पाहतात, टेप वाजवून पाहतात, एक चक्कर मारतात आणि इसार देतात. वास्तविक जुनी वस्तू पारखण्याची विद्या आपल्याजवळ आहे. ती आपण बैलाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. तीच गाडीला लावावी, आणि तिच्याबरोबर भल्या माणसांची एक जुनी रीत, म्हणजे खोड सांगून विकण्याची रीत, परत आणावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

बैल कसा पाहत असत ते थोडे आठवून पाहू. आमचा वर्धा जिल्हा म्हणजे गवळाऊ जातीचे माहेर. पांढरी, अंगाने हलकी, पायाने चपळ अशी ही जनावरे. असा बैल पाहायला माणूस एकटा जात नसे. गावातला एखादा जाणता काकाजी सोबत घेतला जाई. काकाजी आधी जबडा उघडून दात बघत. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, अशी वयाची यादी दातांतच लिहिलेली असते आणि मालकाने सांगितलेले वय तिच्यापुढे टिकत नाही. मग खूर, मग खांदा. जुवाचा घट्टा कसा पडला आहे, सूज आहे का, यावरून त्याच्याकडून काय काम घेतले हे कळे. नंतर त्याला चालवून पाहायचे, पाय ओढतो का ते बघायचे. शेवटी जुंपून पाहायचे, कारण मोकळा डौलाने चालणारा बैल ओझे लागताच बसतो की काय, हे ओझे लावल्याशिवाय कळत नाही. भावाची बोलणी रुमालाखाली बोटांनी होत. पण बैलाची पारख चारचौघांत, उजेडात होई.

तो बाजार काही साधुसंतांचा नव्हता. शिंगे तासून तेल लावलेली असत, म्हातारा बैल तरणा म्हणून उभा केला जाई. पण घेणाऱ्याला ही सोंगे ठाऊक होती. शिवाय विकणारा भला असला तर सांगे, “काकाजी, बैल कामाचा हाये, पण डाव्या अंगाले मारते, लेकरायले जपजा.” एवढे सांगून विकलेला बैल चार पैसे कमी देऊन जाई, पण पुढच्या वर्षी विकणाऱ्याच्या दावणीशी गिऱ्हाईक आपण होऊन येई.

आता गाडीकडे येऊ. या लहान मालगाड्यांचा इतिहास फार जुना नाही. बजाज टेम्पोची मॅटेडोर अनेकांना आठवत असेल. टाटांची ४०७ आली १९८६ मध्ये, टाटा मोबाइल ही पिकअप १९८८ मध्ये. महिंद्राच्या जीपगाड्यांच्या वंशातली बोलेरो पिकअप पुढे आली आणि खेड्यात घट्ट बसली. २००५ मध्ये टाटा एस निघाली. तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. या गाड्यांनी एक मोठे काम केले. एकट्या माणसाला, बारावी करून घरी बसलेल्या पोराला, ट्रकमालक न होताही वाहतुकीच्या धंद्यात पाय ठेवता आला. म्हणूनच अशी गाडी ही चैनीची वस्तू नसते. ती बैलजोडीसारखी घराची कमावती असते. ती लंगडली तर घर लंगडते.

अशी गाडी पाहताना पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर चालली’ हा नसावा. मीटर मागे फिरवता येते. पहिला प्रश्न असावा, ‘हिने काय वाहिले?’ बैलाच्या खांद्यावर जसा घट्टा, तशी गाडीच्या हौद्यात मालाची खूण असते. रासायनिक खताची पोती वाहिलेल्या गाडीचा पत्रा कोपऱ्याकोपऱ्यांतून खाल्लेला दिसतो, कारण सांडलेले खत ओल धरते आणि लोखंड गंजवते. भाजीपाल्याचे पाणी हौद्याच्या फळीखाली मुरते. कापूस, कडबा हा माल दिसायला मोठा, पण पाट्यांना सोसणारा. रेती, गिट्टी आणि मुरूम वाहिलेली गाडी मात्र आतून थकलेली असते. तिच्या हौद्याच्या कडा चेपलेल्या, फाळक्याच्या कड्या झिजलेल्या आणि चासीला कुठेतरी वेल्डिंगचे ठिगळ असते.

नोंदणीच्या पुस्तकावर गाडीचे एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन अशा दोन संख्या दिलेल्या असतात. मोठीतून लहान वजा केली की तिची कायदेशीर ताकद निघते. तिसरीतल्या मुलाने करावे असे हे गणित. पण ते न करताच गाड्या घेतल्या जातात. ज्या गाडीच्या मागच्या पाट्यांत एखादा जास्तीचा पाटा घातलेला आहे, हौद्याच्या बाजू फळ्या ठोकून वाढवलेल्या आहेत, तिच्यावर ताकदीबाहेरचे ओझे टाकले गेले असणार, हे तिच्या मालकाने तोंडाने सांगण्याची गरज नाही.

पाहायला जायचे ते सकाळी, आणि आधी बजावून ठेवायचे की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागले तर समजावे की थंड इंजिन सुरू होण्याचा त्रास आपल्यापासून लपवला आहे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठते का, हे पाहणे म्हणजे अर्धी परीक्षा. मग धूर बघावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर सतत येत असेल तर डिझेल नीट जळत नाही; एअर फिल्टर, नोझल किंवा पंप यांच्याकडे बघावे लागेल. इंजिन चांगले तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडावे. तिथून जोराची वाफ फेकली जात असेल तर आतल्या रिंगा झिजल्या आहेत. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ साय दिसली, किंवा थंड रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर नमस्कार करून परत फिरावे.

नंतर कपड्यांचा मोह सोडून गाडीखाली शिरावे. माझा अनुभव असा की गाडीखाली जाणाऱ्या गिऱ्हाइकाशी विकणारा एकदम वेगळ्या आवाजात बोलू लागतो. हातात बॅटरी आणि एक लहान हातोडी असावी. चासीवर हलके ठोके मारत जावे. धड लोखंड खणखणते, गंजलेले किंवा पुटी भरलेले बद्द वाजते. पाट्यांत चीर आहे का, यू-बोल्टजवळ नवे वेल्डिंग आहे का, गियर बॉक्स आणि डिफरन्शियल तेलाने ओले आहेत का, जॉइंट क्रॉस हाताने हलतो का, हे पाहावे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. चुंबक जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुटी आहे आणि पुटीखाली एखादा अपघात आहे.

टायर हा गाडीचा दाखला असतो. एकच कड झिजलेली असेल तर पुढची चाके सरळ चालत नाहीत, आणि त्याचे कारण साध्या अलाइनमेंटपासून वाकलेल्या सांध्यापर्यंत काहीही असू शकते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी ‘दोन वर्षांपूर्वी टायर टाकलेली’ असेल तर आकडे ते बोलतीलच. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पायटीचे रबर झिजून लोखंड उघडे पडलेले, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नये. पायटी खोटे बोलत नाही.

आणि सगळ्यांत शेवटी, बैल जुंपून पाहत तसे गाडीत ओझे टाकून पाहावे. रिकामी पिकअप कुणाचीही छान पळते. तिच्या कायदेशीर वजनाइतकी पोती भरून, चढाच्या रस्त्याने, वरच्या गियरमध्ये न्यावी. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हँडब्रेकवर चढात उभी राहते का, हेही तेव्हाच कळते. मालक म्हणेल, “एवढं कायले करता भाऊ?” त्याला म्हणावे, “काकाजी बैलाले जुंपूनच घेत होते.” जो मालक ओझे टाकू देत नाही, त्याची गाडी घेऊ नये. यापेक्षा सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

गाडी बीएस-४ आहे की बीएस-६, हेही विचारावे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्यांचीच विक्री आहे. अलीकडच्या या डिझेल गाड्यांचा धूर स्वच्छ करण्यासाठी नळकांड्यात गाळण्या आणि संवेदक बसवलेले असतात. सतत थोडे अंतर, मंद वेगाने चालणाऱ्या गाडीत अशी गाळणी तुंबते. त्यामुळे नवी गाडी असली तरी स्कॅनर असलेल्या गॅरेजात नेऊन आत नोंदलेले दोष वाचून घ्यावेत. जुन्या गाडीला गावचा मिस्त्री पान्याने बरी करतो. नवीला संगणक लागतो. आपल्या गावाजवळ कुठली सोय आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

लोखंडाची परीक्षा झाली, आता कागदाची. आपल्याकडे शेत घेताना अडाणी माणूससुद्धा सातबारा काढून त्यावर कुणाचा बोजा आहे का हे बघतो. गाडीलाही असाच सातबारा असतो, तो म्हणजे नोंदणीचे पुस्तक, आरसी. त्यावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा चढवलेला असतो. कर्ज फिटले असले तरी नमुना ३५ भरून तो उतरवला जाईपर्यंत गाडी कागदोपत्री मोकळी होत नाही. सरकारच्या परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला तर नोंदणीची तारीख, विमा, पासिंग यांची माहिती घरबसल्या दिसते. मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र पहिल्या आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे आणि त्यानंतर दरवर्षीचे असते. म्हणजे आठ वर्षांवरची गाडी स्वस्त मिळाली तरी दर साली पासिंगचा खर्च आणि ते निघेपर्यंतचे खाडे धरूनच ती किती स्वस्त हे ठरवावे. चासी नंबर कागदावर वाचून भागत नाही. कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला आकडा आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. ई-चलनांची थकबाकी बघावी. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र आणि आपल्याकडचा रस्ता कर, हे दोन्ही हिशेबात घ्यावेत.

आमच्या जिल्ह्यात याहून एक जास्तीची चौकशी करावी लागते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. चोरटी दारू वाहताना, परवान्यावाचून रेती नेताना किंवा गुरांच्या बेकायदा वाहतुकीत पकडलेली गाडी न्यायालय पुष्कळदा मालकाला सुपूर्तनाम्यावर परत देते. गाडी मालकाच्या दारात दिसते. पण हुकूम होताच हजर करण्याची आणि परवानगीशिवाय न विकण्याची हमी त्याने बहुधा लिहून दिलेली असते. रेतीच्या बाबतीत महसूल खात्याचा दंडही गाडीच्या मानगुटीवर असू शकतो. आमच्या भागातल्या एका घराने अशी गाडी घेतली. घरच्या बाईचे डोरले गहाण पडले होते. सहा महिन्यांनी गाडी हजर करण्याचा कागद आला तेव्हा विकणारा फोन उचलत नव्हता. त्या घरी गेलो तेव्हा बाई एवढेच म्हणाली, “मले कोणी काही इचारलंच नाई.” गाडीच्या किमतीतला मोठा वाटा तिच्या गळ्यातला होता, पण गाडी पाहायला गेलेल्या चार जणांत ती नव्हती.

नाव बदलण्याची टाळाटाळ हा तर आपला जुना रोग. विकणाऱ्याने नमुना २९ भरून राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने नमुना ३० भरून तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. आपण मात्र मुद्रांकावर लिहून घेतो आणि ‘पुढे पाहू’ म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच एका प्रकरणात निकाल दिला. त्यात गाडी एकापाठोपाठ एक हातांतून गेली होती, पण कागदावर पहिलाच मालक होता. अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. तेव्हा नाव बदलण्याची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त असायला हवी. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून मागावा लागतो. नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा करताना अडचण येते. माझा सल्ला असा, की किमतीतला एक भाग आरसीवर आपले नाव चढेपर्यंत राखून ठेवावा आणि तसे सौदापावतीत लिहावे.

एक चांगली बातमीही सांगायला हवी. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ही मालगाडी चालवता येते का, याचा वाद कैक वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मिटवला. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. घरातला मुलगा स्वतः गाडी चालवणार असेल तर यामुळे एक चिंता गेली. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे जुन्या गाडीची किंमत ठरवताना मालकाने कोरी गाडी तेव्हा कितीला घेतली, हे ऐकत बसू नये; आज कोरी कितीला मिळते, ते विचारून यावे.

इथपर्यंत घेणाऱ्याला चार गोष्टी सांगितल्या. पण सगळा भार घेणाऱ्याच्या हुशारीवर टाकणे मला पटत नाही. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. सुरुवातीला काही नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. त्याच विचारासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना दोघा अर्थशास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. फसव्या गाडीला तिकडे ‘लिंबू’ म्हणतात. अॅकरलॉफ यांचे म्हणणे थोडक्यात असे. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला खराब असेल असे धरूनच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो. उरतात ती लिंबेच, आणि भाव आणखी पडतो.

हे तत्त्व आंजीच्या नाक्यावर रोज खरे होताना दिसते. ज्याने वेळेवर ऑइल बदलले, ग्रीस भरले, ताकदीबाहेर माल घातला नाही, त्याच्या गाडीला आणि रात्री रेती ओढणाऱ्याच्या रंगवलेल्या गाडीला बाजार जवळपास एकच भाव देतो. मग पहिला माणूस गाडी विकतच नाही, किंवा साळ्याला-मेहुण्याला देऊन टाकतो. दुसऱ्याची गाडी बाजारात उभी राहते आणि कुठल्यातरी गरजू घराच्या गळ्यात पडते. खोटेपणाची किंमत फसलेला एकटा देत नाही. इमानाने गाडी जपणारा माणूसही देतो.

यावर लोक म्हणतात, “खोड सांगितली तर घेईन कोण?” प्रश्न रास्त आहे. गरजेपोटी विकणाऱ्याला चार पैसे जास्त हवे असतात, हेही मी समजतो. पण खोड न सांगता मिळालेले ते चार पैसे घेणाऱ्याच्या पहिल्याच मिस्त्रीच्या बिलात जातात. खेड्यात घेणारा-विकणारा एकमेकांना पुन्हा भेटतात, त्यांची लेकरे एका शाळेत असतात, सोयरिकी जुळतात. ज्याच्याकडे ऑइल बदलल्याच्या तारखा, टायरची पावती, क्लच प्लेट कधी टाकली याची नोंद असलेली साधी दोनशे पानी वही आहे, त्याच्या गाडीला चार पैसे जास्त द्यायला घेणारा तयार होईल, कारण त्याला अंधारात उडी मारावी लागत नाही. ही वही म्हणजेच आजच्या काळात खोड सांगून विकणे होय.

माझ्या सूचना साध्या आहेत. सौदा करताना विकणाऱ्याने एका कागदावर गाडीचे दोष, अपघात, खटला किंवा दंड असल्यास तो, स्वतःच्या हाताने लिहून सही करून द्यावा. ‘काही नाही’ असेल तर तेही लिहावे. खोटे लिहिताना हात अडखळतो. बोलताना जीभ अडखळत नाही. सोबत नेलेल्या मिस्त्रीला त्याची दिवसाची मजुरी आपण रोख द्यावी, आणि विकणाऱ्याकडून कमिशन घेणारा मिस्त्री नेऊ नये. कारण दोन्हीकडे जेवणारा माणूस कुणाचाच नसतो. आणि गाडी पाहायला घरातल्या बाईला न्यावे. तिला जॉइंट क्रॉस कळणार नाही कदाचित. पण महिन्याला किती फेऱ्या मिळतील, डिझेल, हप्ता, विमा, टायर आणि पासिंग काढून हातात काय राहील, दोन महिने माल मिळाला नाही तर हप्ता कशातून जाईल, हे प्रश्न तीच विचारील. बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला हिशेब शिकवावा लागत नाही. तिच्या प्रश्नांना उत्तर नसेल तर गाडी कितीही धडधाकट असो, ती आपल्यासाठी नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून आणतात. कामाच्या सोबत्याविषयी कृतज्ञता काय असते, हे त्या खेळातून त्यांना कळते. कामाच्या गाडीविषयीही तीच वृत्ती असायला हवी. तिला दसऱ्याला झेंडूचा हार घालतो ते योग्यच. पण तिला ताकदीइतकेच ओझे द्यावे, वेळेवर तेल-पाणी करावे आणि पुढच्या घरी पाठवताना तिच्याबद्दल खरे सांगावे. बैल विकताना दावे हाती देण्याआधी मालक त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवी आणि घेणाऱ्याला म्हणे, “जपजा.” किल्ली देताना तो शब्द उच्चारता येईल असा व्यवहार करावा. तो उच्चारायची ज्याला लाज वाटेल, त्याने गाडी विकण्याआधी थोडे थांबावे.